मुसल्ला अंथरायचा कुठं?

मी परदेशी निघालो की शेजारच्या काकू शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणून देतात आणि दारातच विचारतात, "तिकडं तुमची मशीद हाय न्हवं रे? का हॉटेलातच पढतोस?" बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी नोकरीला आहे. जर्मनीतून मशीन यायचं असलं की आधी तिथं जाऊन त्याची चाचणी घ्यावी लागते. त्यासाठी श्टुटगार्टजवळ दोनदा तीन-तीन आठवडे राहिलो, एकदा जूनमध्ये, एकदा डिसेंबरात. काकूंना "हाय की" म्हटलं की त्यांचं समाधान होतं. पण गल्लीतली पहिल्यांदा बाहेर निघालेली पोरं हाच प्रश्न घेऊन येतात तेव्हा तेवढ्यावर भागत नाही.

नमाजला जागा लागते ती किती? उभं राहून, वाकून, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावता येईल एवढी. साधारण दोन फूट रुंद, चार फूट लांब. ती स्वच्छ असावी, बस. सगळी पृथ्वी माझ्यासाठी मशीद केली गेली आहे, असं प्रेषितांचं वचन हदीसमध्ये आहे. कबरस्तान आणि न्हाणीघर एवढी त्यातून वगळलेली. म्हणजे धर्माच्या हिशोबानं विमानतळाचा कोपरा, बागेतलं गवत, गोदामाची फरशी, सगळं चालतं. मग माणूस परदेशात गोंधळतो कशानं?

मला वाटतं, आपली मशीद गावात चार कामं एकदम करते आणि ती करते हे आपल्या लक्षातच येत नाही. अजान झाली की वेळ कळली. भिंतीतला कोनाडा, म्हणजे मेहराब, दिसला की दिशा कळली. हौदावर बसलं की पाण्याची सोय झाली. आणि आत गेलं की जागा मिळाली. बेळगावच्या किल्ल्यातली सफा मशीद १५१९ सालची आहे. पाचशे वर्षं ती ही चारही कामं करत आली, नमाजीनं फक्त चप्पल काढायची. परदेशात ही जुडी सुटते. वेळ एकीकडून शोधायची, दिशा दुसरीकडून, पाणी तिसरीकडं. जागा हा त्यातला शेवटचा आणि बऱ्याचदा सोपा भाग.

आधी वेळ. दिवसाच्या पाच नमाजा घड्याळावर नसतात, सूर्यावर असतात. फजर उजाडू लागल्यापासून सूर्योदयापर्यंत. जोहर सूर्य माथ्यावरून कलल्यावर. असर सावली ठराविक लांबीची झाली की. मगरिब सूर्यास्ताला आणि इशा आकाशातली संधिप्रकाशाची शेवटची खूण गेल्यावर. बेळगावात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत दोन तासांचाही फरक नसतो, त्यामुळं वर्षभर वेळा थोड्याफार इकडंतिकडं होतात. श्टुटगार्टला जूनमध्ये दिवस सोळा तासांचा आणि डिसेंबरात साडेआठ तासांहून कमी. जूनमध्ये मगरिब रात्री साडेनऊला. डिसेंबरात साडेबारा ते साडेचार या चार तासांत जोहर, असर, मगरिब तिन्ही येऊन आदळतात, आणि ती नेमकी कारखान्याच्या कामाची वेळ.

माझ्याबरोबर क्वालिटी विभागातला एक जैन मित्र होता, चिकोडीकडचा. तो सूर्यास्ताच्या आत जेवणारा. जूनमध्ये गडी खूश, रात्री नऊला निवांत जेवायचा. डिसेंबरात मात्र साडेचारच्या आत ताट उरकायचं म्हणून तोही माझ्यासारखाच घड्याळाकडं बघत बसलेला. सूर्यास्ताची वेळ आम्ही दोघं एकाच मोबाइलवर बघायचो. त्याचं जेवण संपायचं तिथं माझी मगरिब सुरू व्हायची.

उन्हाळ्यात उत्तरेकडं आणखी एक पेच पडतो. इशा आणि फजर यांच्या वेळा ठरवताना सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला हे मोजतात. पुष्कळ ठिकाणी १८ अंश धरतात, अमेरिकेत १५ अंशांची पद्धत रूढ आहे. पण विषुववृत्तापासून साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांच्या वर गेलं की २१ जूनच्या सुमारास सूर्य १८ अंश खाली जातच नाही. म्हणजे त्या हिशोबाची रात्र होतच नाही. श्टुटगार्ट त्या रेषेच्या जरासं वर आहे, लंडन तर पुष्कळच वर. मग तिथले उलेमा, म्हणजे धर्मपंडित, वेगवेगळे तोडगे काढतात. कुणी रात्रीचे भाग पाडून वेळ ठरवतं, कुणी जवळच्या दक्षिणेकडच्या ठिकाणाची वेळ घेतं. त्यामुळं दोन अ‍ॅप दोन वेळा दाखवू लागली तर अ‍ॅप बिघडलं असं समजू नका. जवळच्या मशिदीचं छापील वेळापत्रक घ्या आणि तेच पाळा. असरचंही तसंच. सावली वस्तूइतकी झाली की असर, असं शाफई मानतात, म्हणजे धर्मनियमांची शाफई शाखा पाळणारे. हनफी शाखेचे लोक सावली दुप्पट व्हायची वाट बघतात. आमच्या भागात बहुतेक हनफी, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान शाफई. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हे निवडावं लागतं, आणि पोरं नेमकं तेच विसरतात.

आता दिशा. आमचे हिंदू मित्र म्हणतात, "तुम्ही पश्चिमेकडं तोंड करता ना?" बेळगावात ते जवळपास खरं आहे. नेमकं सांगायचं तर पश्चिमेपासून पंधराएक अंश उत्तरेकडं. पण तोंड पश्चिमेला करायचं नसतं, मक्केतल्या काबागृहाकडं करायचं असतं. त्या दिशेला किबला म्हणतात, आणि आपण जागा बदलली की ती बदलते. लंडनहून किबला आग्नेयेला. टोकियोहून पश्चिम आणि वायव्य यांच्या मधे. जोहान्सबर्गहून जवळपास उत्तरेला. श्टुटगार्टला पहिल्या रात्री दमून आलो, खिडकीतून मावळतीची लाली दिसत होती, हाताच्या सवयीनं तिकडंच मुसल्ला, म्हणजे नमाजचा गालिचा, अंथरला आणि पढलो. सकाळी कळलं, मक्का जवळपास पाठीमागं होती. हनफी मतानं माणसानं विचारपूस करून, अंदाज घेऊन दिशा ठरवली आणि ती चुकली तर नमाज होते. मी अंदाज कसला, विचारसुद्धा केला नव्हता. नमाज पुन्हा पढावी लागली.

अमेरिकेला गेलेले तर हमखास चक्रावतात. सपाट नकाशावर न्यूयॉर्कहून मक्का आग्नेयेला दिसते, पण तिथल्या मशिदी ईशान्येकडं तोंड करून असतात. कारण पृथ्वी गोल आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, न्यूयॉर्क ते मक्का दोरा ताणून धरा. जवळची वाट म्हणजे ताणलेला दोरा, आणि तो न्यूयॉर्कहून निघताना ईशान्येलाच निघतो. विमानंही लांबच्या पल्ल्याला अशीच उत्तरेकडून वळसा घेतल्यासारखी जातात.

मोबाइलमधला कंपास लोखंडाजवळ खोटं बोलतो. फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगायला नको, पण तोच माणूस गाडीच्या बॉनेटवर मोबाइल ठेवून किबला बघताना मी पाहिला आहे. हॉटेलच्या लोखंडी पलंगापासूनही दूर जा. त्याहून सोपं म्हणजे नकाशाच्या अ‍ॅपवर हॉटेल ते काबा रेघ ओढायची आणि समोरचा रस्ता किंवा इमारत खूण म्हणून धरायची. मलेशिया, इंडोनेशियात ही कटकटच नसते. हॉटेलच्या खोलीत छतावर किंवा टेबलाच्या खणात बाण चिकटवलेला असतो.

एक उपाय तर बिनमोबाइलचा, आणि मला तो फार आवडतो. वर्षातून दोनदा, २७-२८ मे आणि १५-१६ जुलैच्या सुमारास, सूर्य भर दुपारी काबागृहाच्या बरोब्बर डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथं जिथं सूर्य दिसतो तिथं सूर्याची दिशा हीच किबल्याची दिशा. भारतीय वेळेनुसार मे महिन्यात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी, जुलैमध्ये २ वाजून ५७ मिनिटांनी. काठी उभी करायची, सावली पडेल तिच्या उलट बाजूला तोंड करायचं. बेळगावात मेमधलीच संधी साधायची. जुलैत आमच्याकडं सूर्य कुणी पाहिलाय?

पाण्याचं दुखणं लोक बोलत नाहीत, पण ते खरं दुखणं आहे. नमाजआधी वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय धुवायचे. युरोपातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहात वॉश बेसिनमध्ये पाय टाकला की शेजारचा माणूस कसा बघतो, ते एकदा अनुभवावं. त्याचंही चुकत नाही. फरशी ओली होते, कुणी घसरतं. माझी रीत अशी. सकाळी हॉटेलात पूर्ण वजू करून चामड्याचे मोजे चढवायचे. त्यानंतर दिवसभर वजू करताना पाय धुवायची गरज नाही, मोज्यावरून ओला हात फिरवला की झालं. घरी असलेल्या माणसाला ही सवलत एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन दिवस-रात्र. साध्या पातळ सुती मोज्यांना बहुतेक उलेमा ती देत नाहीत, म्हणून हज-उमऱ्याचं सामान विकणाऱ्या दुकानातून चामड्याचे घेऊन ठेवा. आणि बॅगेत एक रिकामी बाटली असू द्या. तिकडच्या संडासात पाण्याचा नळ नसतो, कागद असतो. यापेक्षा जास्त खुलासा नको.

पाणी खरंच मिळत नसेल तर स्वच्छ मातीवर किंवा दगडावर हात टेकवून चेहरा आणि हात पुसायचे, त्याला तयम्मुम म्हणतात. पण थंडी आहे, कंटाळा आला, हे त्याला कारण होत नाही.

एवढं जमलं की जागा. आखाती देशांत प्रश्नच नाही, पेट्रोल पंपावरही खोली असते. गंमत म्हणजे आपण मुसल्ला म्हणतो तो नमाजचा गालिचा, अरबीत मुसल्ला म्हणजे नमाजची जागाच. मलेशियात पाटीवर 'सुराव' शोधा, इंडोनेशियात 'मुशोला', तुर्कस्तानात 'मेस्जित', जर्मनीत 'गेबेट्सराउम'.

मोठ्या विमानतळांवर बहुतेक ठिकाणी प्रार्थनेची खोली असते. पाटीवर गुडघे टेकलेल्या माणसाचं चित्र असतं. सिंगापूर, हाँगकाँग, फ्रँकफर्ट, लंडनचं हीथ्रो, टोकियोचं नारिता, सगळीकडं आहे. याची सुरुवात प्रवाशांसाठी झाली नव्हती. अमेरिकेत बोस्टनच्या विमानतळावर १९५१ साली कॅथलिक चॅपल उभं राहिलं ते पाळीवर काम करणाऱ्या कामगारांसाठी. पुढं अशा खोल्या सर्वधर्मीय झाल्या. त्यामुळं आत कुणी माळ जपत असेल, कुणी नुसतं डोळे मिटून बसलेलं असेल. मोठ्यानं तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर', म्हणायची नाही, दुसऱ्याचं पुस्तक हलवायचं नाही, एकट्यानं चार माणसांची जागा अडवायची नाही. खोली सुरक्षा तपासणीच्या अलीकडं आहे की पलीकडं, हे आधीच विचारा. एकदा मी तपासणी पार करून आत आलो आणि खोली बाहेर राहिली. मग एका बंद गेटजवळच्या रिकाम्या खुर्च्यांमागं पढलो.

शहरात मशीद शोधताना डोळ्यांची सवय मोडावी लागते. आपण मिनार शोधतो, आणि तिकडं बऱ्याच मशिदींना तो नसतोच. स्वित्झर्लंडमध्ये तर २००९ च्या सार्वमतानंतर नवे मिनार बांधायला बंदी आहे. जर्मनीत १९६१ साली तुर्कस्तानशी करार झाला आणि तुर्की कामगार येऊ लागले. चार पैसे साठवून परत जायचं म्हणून आलेली माणसं, त्यांनी कशाला घुमट बांधावेत? कारखान्याचा जुना शेड, इमारतीच्या मागचं अंगण, तळघर, अशा ठिकाणी नमाज सुरू झाली. त्याच सुरुवातीच्या काळात, फेब्रुवारी १९६५ मध्ये, रमजान ईदला जागा नव्हती तेव्हा कोलोनच्या प्रचंड कॅथेड्रलमध्ये शेकडो तुर्की कामगारांना नमाज पढू दिली होती. त्याच कोलोनमध्ये २०१८ साली काच-काँक्रीटच्या घुमटाच्या मोठ्या मशिदीचं उद्घाटन झालं. मी जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजला, जायचो ती मशीद मात्र टायरच्या दुकानामागं होती. दोनदा समोरून गेलो तरी दिसली नाही. तिसऱ्यांदा दाराबाहेरच्या बुटांच्या ढिगावरून ओळखली. खुतबा, म्हणजे नमाजआधीचं प्रवचन, निम्मा तुर्कीत, निम्मा जर्मनमध्ये, मला दोन्ही कळेना. पण नंतरचा चहा कळला.

जिथं आपलं कुणी नसेल असं वाटतं, तिथंही कधीकधी आपल्याच मुलखाचा हात निघतो. इंग्लंडमध्ये मशीद म्हणून बांधलेली पहिली इमारत वोकिंगची, १८८९ सालची. तिला पैसा दिला भोपाळच्या शाहजहान बेगमनं. जपानची पहिली मशीद कोबे शहरात १९३५ साली झाली, तीत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढं युद्धातल्या बाँबवर्षावातून आणि १९९५ च्या भूकंपातूनही ती वाचली.

मशीदही नाही, खोलीही नाही, तेव्हा? विद्यापीठात, इस्पितळात शांत खोली असते. कपड्याच्या दुकानातली ट्रायल रूम ही आमच्या पोरांची आवडती युक्ती आहे, पण गर्दीच्या वेळी दार अडवून बसू नका. बागेचा कोपरा चालतो. रस्ता, जिना, आपत्कालीन दार यांच्या आडवं यायचं नाही, हे मी कायद्याच्या आधी शिष्टाचार म्हणून सांगेन. कायदाही सगळीकडं सारखा नाही. पॅरिसमध्ये २०११ साली सरकारनं रस्त्यावर नमाज पढायला मनाई केली. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे सरळ विचारणं. मी पहिले चार दिवस कारखान्यात लपूनछपून जागा शोधत फिरलो. जैन मित्रच वैतागला. "तू काय चोरी करूलालास काय? विचार की!" मी फोरमनला विचारलं, पाच मिनिटं प्रार्थनेसाठी एखादा कोपरा मिळेल का. त्यानं पॅकिंगच्या सामानाची खोली दाखवली आणि एवढंच म्हणाला, फोर्कलिफ्टच्या वाटेत नको. दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर किबल्याच्या दिशेनं चिकटपट्टीचा बाण केला. तिसऱ्या दिवशी त्याच बाणावर एक बोस्नियन वेल्डर उभा होता. आठ वर्षं तिथं काम करत होता, तोही गाडीत बसून पढायचा.

बायकांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात मला आपल्याकडची खोट दिसते. आमच्या भागात बाई नमाजला मशिदीत गेली असं क्वचितच घडतं, कारण तिच्यासाठी जागाच ठेवलेली नसते. बाईला मशिदीत जाऊन नमाज पढायला धर्माची मनाई नाही, हे ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानंही २०२० साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. माझी थोरली आपा, म्हणजे बहीण, लेकीच्या बाळंतपणाला बर्मिंगहॅमला गेली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. तिथं लेक तिला मशिदीत घेऊन गेली, बायकांसाठी वर वेगळा मजला होता. आपा सांगते, दारात चप्पल काढताना तिनं दोनदा विचारलं, "नक्की आत जायचं न्हवं?" परदेशातही सगळीकडं ही सोय असतेच असं नाही. इंग्लंडमध्ये आपल्याकडच्यांनी काढलेल्या काही मशिदी याबाबतीत आपल्यासारख्याच आहेत. म्हणून बाई बरोबर असेल तर आधी फोन करून विचारा. आपा परत आली ती मशिदीचा कारभार बघणाऱ्या आमच्या मोहल्ल्याच्या जमातीला विचारायला लागली की, आपल्या मशिदीचा वरचा मजला रिकामाच असतो, त्याचं काय करता? अजून उत्तर आलेलं नाही.

विमानात जागेवर बसून, इशाऱ्यानं वाकून नमाज पढता येते. मागच्या मोकळ्या जागेत घोळका करू नये, तिथं कर्मचाऱ्यांचं काम चालतं. वेळेचा मात्र खेळ होतो. पश्चिमेला उडालं की विमान सूर्याच्या मागं धावतं, दुपार संपतच नाही. परतीला पूर्वेकडं येताना सूर्य दाणकन बुडतो, डुलकी लागली तर मगरिब गेलीच. खालच्या शहराची वेळ धरायची नाही, खिडकीतून सूर्य दिसतोय का ते बघायचं.

या सगळ्या धावपळीला धर्मानं एक सवलत दिली आहे. नमाजमधल्या उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं या एका फेरीला रकात म्हणतात. प्रवासात जोहर, असर आणि इशा यांच्या चार रकाती दोनवर येतात, त्याला कसर म्हणतात. फजरच्या दोन आणि मगरिबच्या तीन तशाच राहतात. किती लांबचा प्रवास? हनफी हिशोबानं सुमारे ७७ किलोमीटर, शाफई ८० च्या आसपास धरतात. म्हणजे बेळगावहून खानापूरला गेलात तर सवलत नाही, कोल्हापूरला गेलात तर आहे. निपाणी काठावर, तिथं जाणाऱ्यांचे वाद अजून मिटलेले नाहीत. एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा जास्त राहायचं ठरवलं तर हनफी मतानं तुम्ही प्रवासी उरत नाही, शाफई मतानं चार दिवसांतच. म्हणून मी जर्मनीला जाता-येता दोन रकाती पढलो, पण तिथल्या तीन आठवड्यांत पूर्ण चार, आणि जुम्माही चुकवता आला नाही. शाफई लोकांना प्रवासात जोहर-असर एकत्र आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात. हनफींना हजच्या वेळी सोडून तशी मुभा नाही. आम्ही फार तर जोहर शेवटच्या घटकेला आणि असर पहिल्या घटकेला पढून दोन्ही लागोपाठ उरकतो.

सवलत संपते ती आपल्या गावाच्या वेशीवर. मुंबईला उतरून रात्रीच्या बसनं परत येताना इशा राहिली असेल आणि बस संकेश्वरच्या ढाब्यावर थांबली, तर तिथं दोनच रकाती. आळस करून घरी पोचल्यावर पढायचं म्हटलं, तर चार.